बाय, बादल्या पालथ्या घाल

देवगड,
मंगळवार, रात्र

चि. बाय हिस आईचे अनेक आशीर्वाद.

गौरी पोचवल्या आणि दुसऱ्याच संध्याकाळी तू बाळ सांभाळायच्या कामाला मुंबईला जायला कणकवलीला तुतारी एक्सप्रेसमध्ये चढलीस. त्या गर्दीत बसायला जागा मिळाली की नाही, तेसुद्धा विचारायचं राहिलं. काल फोनवर तू सगळं छान सांगत होतीस. घर 14व्या मजल्यावर, बाळ 11 महिन्यांचं, त्याची आई म्हणजे वहिनी बोलायला मऊ. मग फोन ठेवता ठेवता म्हणालीस, पाणी सकाळी दोनच तास येतं म्हणून न्हाणीघरात पिंप आणि दोन बादल्या भरून ठेवतात. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. मी बोलायला गेले तर "हो गं आई, कोर्समध्ये शिकवलंय" म्हणालीस. म्हणून लिहिते. वाडीतले काका गुरुवारी परत जातायत, त्यांच्याकडे पिशवी आणि हे पत्र देईन.

बाळ धरून उभं राहतं म्हणालीस ना? असं मूल बादलीपाशी गेलं की काठ धरतं आणि आत वाकून बघतं. या वयात डोकंच जड. तोल गेला की त्याला परत वर येता येत नाही. दोन इंच पाणीसुद्धा पुरतं गो. आणि आवाज होत नाही. आपल्याला वाटतं ते रडेल, ओरडेल, मग आपण धावू. तसं होत नाही. बादल्या रिकाम्या करून पालथ्या घाल, पिंपाला घट्ट झाकण, दाराला वरची कडी. नवीन आहेस म्हणून वहिनींना सांगायला लाजू नकोस.

आता दुसरं लिहिते.

पिशवीत नाचणीचं सत्त्व आहे. पातळ नको, चमच्यावरून सावकाश पडेल इतपत शिजव. वर्षाचं होईपर्यंत मीठ-साखर घालायची नाही. घरातलं कुणी मध चाटवायला सांगेल, तर गोड बोलून टाळ, वर्षाच्या आत मध नकोच. काजू वहिनींसाठी आहेत. अख्खा काजू, शेंगदाणा, चणा बाळाच्या हाताला लागू देऊ नकोस, पाच वर्षांपर्यंत नाही. द्राक्ष द्यायचं तर उभं चिरून चार फोडी. आणि घास अडकलाच तर तोंडात बोट घालून चाचपू नकोस, तो आणखी आत जातो. हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने 5 थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने 5 वेळा दाबायचं, पुन्हा पालथं. तोवर कुणाला तरी 108 ला फोन करायला लाव. एकदा आमच्या अंगणवाडीत बाहुलीवर करून दाखवलं होतं, माझ्या हाताला अजून ते लक्षात आहे.

बघ, पत्र लिहायला बसले आणि भाषण झालं. रागावू नकोस. तू शिकून गेलीस, सर्टिफिकेट आहे तुझ्याकडे. मी 18 वर्षं मदतनीस होते, खिचडी शिजवली आणि दुसऱ्यांची पोरं कडेवर घेतली, एवढंच. पण बाजारात कुणी विचारलं की मी सांगते, माझी मुलगी मुंबईला मुलं सांभाळायच्या कामाला आहे, रीतसर शिकून. "घरकामाला का?" असं विचारणाऱ्यालाही मी नीट समजावून सांगते.

बाबांनी तीन करवंट्या पाठवल्यात. तू गेल्यापासून ओटीवर बसून घासत होते, आधी काचेच्या तुकड्याने, मग पॉलिश पेपरने. काठावरून बोट फिरव, कुठे टोचत नाही. सगळ्यात लहान करवंटीसुद्धा बाळाच्या तोंडात मावायची नाही, ते बघूनच निवडल्यात. एकीखाली चेंडू लपव आणि त्याला शोधू दे. दिसेनाशी झालेली वस्तू असते तिथेच असते, हे या वयात नुकतं कळायला लागलेलं असतं, म्हणून दहादा केलं तरी कंटाळत नाही. आई ऑफिसला निघाली की ते रडतं म्हणालीस, तेही त्यातलंच. आई कुठेतरी आहे हे कळतं, पण परत येणार हे अजून कळत नाही. वहिनींना लपून जायला सांगू नकोस. रोज दारात टाटा, रोज तसाच. मग तू लगेच करवंट्या काढ. पण त्यात पाणी घालून खेळायला देऊ नकोस.

पुन्हा पाण्यावरच आले.

तुला नागपंचमीचं आठवतं का, मला माहीत नाही. आपण कधी बोललोच नाही. तुझ्या पाठचा बाबू तेव्हा 13 महिन्यांचा होता. मी चुलीपाशी पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसत होते, एकेक पान, दोन्ही बाजूंनी. बाबू मागे खेळतोय असं मनात धरून बसले. तू सहा वर्षांची, परकर भिजलेला, दारात उभी. म्हणालीस, "आई, बाबू बादलीत बघतोय तो उठतच नाही." मी पोचले तोवर तू परत धावून त्याचे पाय धरून ओढत होतीस. बादली अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. त्याला खोकला आला, मग रडला. त्या दिवशीच्या पातोळ्या मी सगळ्यांना वाढल्या. बाबांना सांगितलं, अंगणात पडला. त्यांना अजून तेवढंच माहीत आहे. तुला तेव्हा जवळ घ्यायला हवं होतं. त्याऐवजी परकर ओला केलास म्हणून ओरडले. ते आज लिहिते.

म्हणून दुसऱ्याचं मूल तुझ्या हातात आहे याची मला भीती वाटत नाही. बादल्यांची वाटते.

जेवणाची वेळ पाळ. आठवड्याची सुट्टी आणि पगाराची तारीख वहिनींशी आधीच बोलून घे. बाळाचा फोटो स्टेटसला ठेवू नकोस. ते उद्या तुलाच आई म्हणायला लागलं तर रागावू नकोस, हसून "मावशी" म्हण, त्याच्या आईसमोर तर नक्कीच.

काका शुक्रवारी पहाटे दादरला उतरतील. पिशवी मिळाली की फोन कर. बादल्यांचं काय केलंस ते आधी सांग, बाकीचं नंतर.

तुझी,
आई