फौज कमी केली, फौजी कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सैन्यकपातीने देश श्रीमंत होतात, हा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचून राहवलं नाही. कोस्टारिकाने १९४८ साली सैन्य मोडीत काढलं, छावणीत संग्रहालय केलं, पैसा शाळांकडे वळवला, हे खरंच. पण त्या देशाची फौज होती केवढीशी! लाखांनी माणसं घरी पाठवायची म्हटलं की काय होतं, ते लेखकाने सरळ गाळलं आहे.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा हिंदी फौजेत २५ लाखांच्या आसपास माणसं होती. माझे आजोबा त्यांतले एक. इटलीत तीन टनी लॉरी चालवायचे, इंजिन उघडून परत बसवायचे. १९४६ ला डिस्चार्ज मिळाला. तो कागद अजून आमच्या ट्रंकेत आहे : वर्तणूक उत्तम, काम मोटार ड्रायव्हर. गावात तेव्हा ना मोटार, ना धड रस्ता. मनीऑर्डर थांबली, जमीन सावकाराकडे गेली आणि आजोबा मुंबईला मशीद बंदरात पोती वाहू लागले. इंजिनातला जाणकार माणूस जन्मभर हमाली करून गेला. सरकारचा वाचलेला खर्च आमच्या घराने भरला.

त्याच सुमारास अमेरिकेने १ कोटी २० लाखांची फौज दोन वर्षांत १५-१६ लाखांवर आणली, तरी १९४६ मध्ये तिथली बेकारी ४ टक्क्यांच्या आत राहिली. लोकांच्या गाठीला पैसा होता, कारखान्यांना मागणी होती, हे आहेच. पण १९४४ मध्ये, लढाई चालू असतानाच, त्यांनी परतणाऱ्या सैनिकांसाठी कायदा केला : शिक्षणाची फी, घरकर्जाला हमी, काम मिळेपर्यंत भत्ता. सुमारे २२ लाख जण त्यावर कॉलेजात गेले. कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं, हेही सांगायला हवं.

तोफांचा पैसा दवाखान्यांना जावा असं मलाही मनापासून वाटतं. मात्र तो आपोआप जात नाही. आजही आमच्या तालुक्यातले माजी सैनिक एटीएमच्या दारात स्टुलावर बसलेले दिसतात. लेखकाने एकदा त्यांच्याशी बोलावं आणि मग पुढचा भाग लिहावा.

जाता जाता : रविवारची पुरवणी आमच्याकडे सोमवारी येते. वितरण विभागाला दोनदा कळवलं, उत्तर नाही.

आपला,
एक वाचक, खटाव (जि. सातारा)