बेपत्तांच्या कुटुंबांनी सात वर्षे थांबायचे?

मा. संपादक,

दरड कोसळते, शोधमोहीम थांबते आणि बातमीत मृतांच्या आकड्यापुढे ‘इतके बेपत्ता’ एवढे शब्द उरतात. घरच्यांची फरफट तिथून सुरू होते. मृतदेह नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून आपत्ती निधीतले ४ लाख नाहीत, विमा नाही, वारसनोंद नाही. कर्जाचा हप्ता तेवढा ठरल्या तारखेला खात्यातून जातो.

मूळ १८७२ च्या पुरावा कायद्यात आहे. सात वर्षे खबरबात नसेल तर माणूस मृत समजावा, असे त्याचे कलम १०८ होते. घर सोडून गेलेल्यांसाठी हे ठीक. पण इर्शाळवाडीत जुलै २०२३ मध्ये २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण ढिगाऱ्यातच राहिले. त्यांचे काय झाले याबद्दल शंका कुणाला होती?

सरकारलाही हे कळते. केदारनाथच्या पुरानंतर (२०१३) आणि उत्तराखंडातल्याच चमोलीच्या पुरानंतर (२०२१) विशेष आदेश निघाले. चमोलीत नातेवाइकांची तक्रार, चौकशी, यादीची प्रसिद्धी, हरकतींसाठी ३० दिवस आणि मग दाखला, अशी पद्धत ठरली. केरळमधल्या वायनाडच्या दरडीतील (२०२४) बेपत्तांना मृत मानण्याचा निर्णय आपत्तीनंतर जवळपास सहा महिन्यांनी झाला. पद्धत तयार आहे, पण ती दरवेळी कुणाच्या तरी सहीची वाट पाहते. पुरात एकटाच वाहून गेलेल्या मजुरासाठी ही सही कोण करणार?

जपानच्या दिवाणी संहितेत एरवी सात वर्षे, पण संकटात सापडलेल्यांसाठी एकच वर्ष आहे. २०११ च्या त्सुनामीनंतर तेवढेही थांबायला लावले नाही. आपल्याकडे पुरावा कायद्याच्या जागी नवा साक्ष अधिनियम आला आणि जुने कलम १११ क्रमांकाने तसेच उतरले. २०२५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा दुरुस्त झाला. शहरी प्राधिकरणे आली, बेपत्तांचा प्रश्न राहिलाच.

खोटे दावे येतील, हा आक्षेप मान्य. हरकतींची मुदत त्यासाठीच असते. आणि माणूस परत आलाच तर दाखला रद्द करता येतो. चमोलीची पद्धत आपत्ती व्यवस्थापन कायद्यातच घाला. मजूर एका राज्याचा आणि आपत्ती दुसऱ्या राज्यात असेल, तर दोन पोलीस ठाण्यांमधला पत्रव्यवहार किती दिवसांत संपवायचा, हेही त्या कलमात लिहा.

– एक वाचक