परत चाकावर बसलेय

प्रिय आई-बाबा,

फोनवरच सांगणार होते, पण फोनवर आपलं जेवलात का, गुडघा कसाय, बर्फ पडला का यातच पंधरा मिनिटं जातात आणि मग बाबा फोन आईकडे देऊन मोकळे, म्हणून लिहितेय. मी परत मातीकाम सुरू केलंय. हो तेच, जॉब लागल्यावर बंद पडलेलं. अकरा वर्षांनी चाकावर बसले.

पहिले दोन महिने नुसती फजिती. माती मधोमध बसेचना, हातांना सगळं आठवतंय असं वाटायचं पण कोपर मांडीला टेकवायचं विसरायचे आणि गोळा लटपटत राहायचा. आई, तू कणीक मळताना मनगटाचा भार देतेस ना अगदी तसंच मळावं लागतं, आत हवा राहिली की संपलं.

बाबा, तुम्ही तेव्हा म्हणाला होतात ना "मडकी घडवून घर चालतं का", तर तुमचंच खरं ठरलं, एक डॉलर घरी येत नाही 😄 सगळे वाडगे जातात एम्प्टी बोल्सला. हे इथलंच, आमच्या मिशिगनमधल्या ट्रॉय गावाच्या शेजारी ब्लूमफील्ड हिल्स आहे, तिथल्या एका हायस्कूलच्या आर्ट टीचरने, जॉन हार्टम त्यांचं नाव, 1990 मध्ये मुलांकडून वाडगे करून घेतले, त्यात सूप वाढलं, सोबत ब्रेड, आणि पाहुण्यांना म्हणाले वाडगा घरी घेऊन जा, भुकेल्यांचे किती वाडगे रिकामे आहेत याची आठवण म्हणून. जमलेले पैसे भुकेल्यांसाठी. आता हे कितीतरी देशांत चालतं.

मी तीस वाडगे धरले होते, पोचले बावीस. चारांच्या बुडाला चीर गेली, तिघांचं ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, ओघळून भट्टीच्या फळीला चिकटलं (फळी घासायलाही मीच) आणि एक माझ्याच हातून पडला. आपल्या कुंभारकाकांच्या माठाला पाझरायचं असतं म्हणून तर पाणी गार होतं, पण सूपचा वाडगा पाझरला तर टेबलाची वाट, म्हणून हे दोनदा भाजायचं, दुसऱ्यांदा 1220 डिग्रीच्या आसपास. ग्लेझही शिसं नसलेलंच.

कार्यक्रमात एक आजोबा दहा मिनिटं वाडगे उलटे करून बघत होते. शेवटी माझा उचलला, तोही जरा वाकडा असलेला, का तर म्हणे हातात नीट बसतो. बटाट्याचं सूप घेतलं, संपवलं, आणि वाडगा रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात! मी मसूराची आमटीही नेली होती, ती निम्मी उरली, मिरची तुझ्या हिशोबाने पडली बहुतेक आई. आम्ही तीन दिवस खाल्ली.

तर काम असं आहे, जानेवारीत येतेय तेव्हा संक्रांतीची पाच सुगडं मी करून आणू का? मागच्या वर्षीचं एखादं माळ्यावर असेलच, त्याची मापं पाठव. माती भाजून आकसते, ओला सात इंची वाडगा बाहेर येताना जेमतेम सव्वासहाचा उरतो, तेवढं मी धरून करेन. बाबांना पट्टीने मोजायला सांग, तुझ्या वितीने नको.

तुमची,
चिमी