पावणेतीन किलोमीटर

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

काल पोळा झाला. झूल कोणत्या पेटीत ठेवून गेलीस ते सापडलं नाही, मग आईनं सर्ज्यावर तिची जुनी साडी टाकली. तू विमान शिकायला गोंदियाला निघालीस तेव्हा वर्ध्याच्या फलाटावर मी बोललो, 'विमान म्हणजे सायकल नाही, चेन उतरली की बाजूला लावायला', ते गाडी सुटताना बोलायला नको होतं. तू खिडकीतून हातही केला नाहीस. बरोबरच केलंस.

तो विषय पुन्हा काढणार नव्हतो. पण परवा नानाच्या वावरात फवारणीचा ड्रोन आला. दहा लिटरचं टाकं, सहा पंखे. पऱ्हाटीवरून छान चालला होता, अन् धुऱ्यापाशी एकदम आवाज बंद. दगडासारखा खाली आला. औषध सारं मातीत. पोरं हसली, माझ्या पोटात गोळा आला. रात्री फोन केला तो त्यापायी, तुझं जेवण विचारायला नव्हे.

तू न चिडता समजावलंस. ड्रोनला पंख नसतात, नुसते पंखे हवा खाली ढकलतात. ते थांबले की त्याला धरणारं कोणी नाही. हेलिकॉप्टरचं इंजिन गेलं तर पायलट लगेच पात्यांचा कोन कमी करतो, मग खालून येणारी हवाच पाती फिरवत ठेवते अन् त्या फिरण्यावर ते टेकवता येतं. विमानाचं तर सोपंच, म्हणालीस. पंख पुढे सरकत राहिला, हवेला खाली वळवत राहिला, की हवा त्याला वर धरते. इंजिन नसलं तर वेगासाठी उंची खर्चायची. सेसना 172, ते शिकायचं छोटं विमान, हजार मीटर उंचीवरून 9 किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे आपल्या घरापासून आर्वीचा स्टँड. मला पटलं. खरंच पटलं. झोप नाही आली, ते वेगळं.

गोठ्याचं टिन उडालं होतं ते आठवते का? तू चौथीत होतीस. वादळात मी तुला कडब्यामागे ओढलं अन् टिन डोक्यावरून गेलं, थेट नानाच्या विहिरीपाशी. मी थरथरत होतो. तू विचारलंस, "बाबा, हवा तर आडवी होती, मग टिन वर कसं गेलं?" मी म्हटलं, गप, आधी दगड शोध. आता कळलं की छपरावरून वेगानं जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, अन् उघड्या बाजूनं आत शिरलेली हवा खालून रेटते. उत्तर द्यायला मला इतकी वर्षं लागली, तेही तुझ्याकडूनच घेऊन.

एक सांगतो. नाक फार वर करू नको. विमानाचं म्हणतो. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन पंधरा-सोळा अंशांच्या पुढे गेला की हवा पंखाची पाठ सोडते अन् विमान खाली पडू लागतं, हे तूच सांगितलंस. उंची हवी म्हणून नाक ओढायचं नाही, आधी वेग. अन् मे महिन्यात सांभाळ: 15 अंश तापमानाला घनमीटरभर हवा सव्वा किलोच्या जवळ भरते, 45 अंशांना 1.1 किलो. पातळ हवा कमी धरते, धावपट्टी जास्त लागते. घारीचं बरं आहे, ती त्याच उन्हात वर चढणाऱ्या हवेवर पंख न हलवता गोल फिरत बसते. तिला इंजिनच नाही, बंद काय पडणार!

बघ, पुन्हा तिथेच आलो. माफ कर. विमानात एकदाही न बसलेला माणूस तुला शिकवतो आहे. गावात मात्र सगळ्यांना मीच सांगत फिरतो की पोरगी गोंदियाला विमान शिकते. परवा पतसंस्थेत शिपायालासुद्धा सांगितलं, त्यानं विचारलं नव्हतं.

आजीचे टोंगळे दुखतात, बाकी ठीक. आई बोलत नाही, पण तुझा लाकडी नंदी पुसून आज तान्ह्या पोळ्याला शेजारच्या पोराला दिला, परत आणायच्या बोलीवर.

एकच विचारतो. टेक-ऑफनंतर 300 मीटर उंचीवर इंजिन बंद पडलं तर जवळपास पावणेतीन किलोमीटर, एवढा हिशोब मी केला. वळायला उंची जाते म्हणतात, ती वजा केली नाही. तुमच्या बिरसी विमानतळाच्या धावपट्टीपुढे तेवढ्यात मोकळं रान आहे की नुसत्या धानाच्या बांध्या, ते कळव.

तुझे,
बाबा