सातमाशी असल्याचं सांग

सोनू,

काल फोनवर तू हसत हसत सांगितलंस की कंपनीच्या चेकअपमध्ये बीपी १३८/८८ निघालं आणि डॉक्टर म्हणाले स्ट्रेस आहे, झोप वाढवा. मी गप ऐकलं पण रात्री झोप मलाच लागली नाही बघ. तू सातमाशी आहेस हे सांगितलंस का त्यांना? नसणारच, आणि त्यांनी विचारलंही नसणार, एवढ्या मोठ्या पोरीला जन्माचं वजन कोण विचारतंय.

३० आठवडे, १ किलो १८० ग्रॅम. परभणीतला मे महिना. आज्जी म्हणायची सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही (साफ खोटं आहे, जितके दिवस पोटात जास्त तितकं बरं, पण तेव्हा मला तेवढाच आधार होता). लाईट गेली की नर्सबाई तुला माझ्या उघड्या छातीवर ठेवायच्या, वरून आईचं लुगडं. तुझं काळीज माझ्या बरगडीवर चिमणीवानी फडफडायचं, मी ठोके मोजायला बसलो की दर वेळी हुकायचे.

तर त्या काळजाचंच सांगतो. पोटात असताना त्याच्या पेशी संख्येनं वाढतात, जन्मानंतर ते जवळपास थांबतं, मग आहेत त्याच पेशी जाड होतात. वायंडिंग अर्धंच झालेली विहिरीवरची मोटार उचलून खोल बोअरवर टाकली तसं तुझं झालं, पाणी ओढती पण लोड घेऊन. ऑक्सफर्डवाल्यांनी वेळेआधी जन्मलेल्या तरण्या पोरापोरींचे एमआरआय काढले, २०१३ ला छापून आलं, काळजाची भिंत जाड, कप्पे लहान, उजव्या बाजूला फरक जास्त. त्यात किडनीतल्या गाळण्या साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत तयार होत असतात, त्या कमी राहिल्या की बीपी चढायला वाट मोकळी.

घाबरू नको. अशा बहुतेक लेकरांना मोठेपणी काही होत नाही, फक्त बाकीच्यांपेक्षा धोका थोडा जास्त, म्हणून बीपीकडं कानाडोळा नको. आणि ज्यांना आईचं दूध मिळालं त्यांचे कप्पे मोठेपणी जरा बरे भरलेले दिसले, हे पण त्याच लोकांचं. तुझी आई वाटीत दूध काढून नळीनं दोन-दोन मिली द्यायची. तिला हे वाचून दाखवलं तर म्हणली, मला कुणी विचारलं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं!

आता काम सांगतो. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ बीपी मोज, पाच मिनिटं निवांत बसून, चहा प्यायच्या आधी. वहीत लिही. मग चांगल्या फिजिशियनकडं जा, पहिलं वाक्य हेच की मी ३० आठवड्यांची जन्मलेली आहे, आणि टूडी इको (म्हणजे काळजाची सोनोग्राफी) करायची गरज आहे का ते विचार. डिस्चार्ज कार्ड पिवळं पडलंय, कोपरा उंदरानं खाल्लाय, पण वजनाचा आकडा दिसतो, फोटो व्हॉट्सॲपला टाकलाय.

पळणं चालू ठेव. पार्सलमध्ये या वेळी लोणचं नाही, आईशी त्यावरून भांडण झालंय, तिनं ठेचा गुपचूप घातला असंल तर बेतानं खा.

उद्या सकाळचा आकडा पाठव.

दादा