क्लेममधली ‘स्प्रिंग’ खोडणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

इंजिनिअरिंग सोडून पेटंटच्या कामात येऊ पाहणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो: आता एलएलबी करावं लागेल का? तुम्ही त्याला कधी ताटकळत ठेवलं नाहीत. भारतात पेटंट एजंटच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी पेटंटचे अर्ज लिहून चालवणाऱ्याच्या, परीक्षेला विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी चालते. अमेरिकेतही एजंट व्हायला वकिलीची पदवी लागत नाही. युरोपात तांत्रिक शिक्षणानंतर साधारण तीन वर्षं मान्यताप्राप्त प्रतिनिधीच्या हाताखाली काम करून पात्रता परीक्षा द्यावी लागते. कोर्टात बाजू मांडायची असेल, तर मात्र बहुतेक ठिकाणी कायद्याची पदवी लागते.

पण खरे आभार आहेत ते क्लेम, म्हणजे पेटंटचा हक्क नेमका कशावर ते सांगणारी वाक्यं, लिहायला शिकवल्याबद्दल.

इंजिनिअरला सवय असते सगळ्यात चांगली रचना सांगायची. क्लेममध्ये मात्र आखायची असते हद्द. तुमचं झाकणाचं उदाहरण आम्हा सगळ्यांना पाठ आहे. ‘झाकण, त्यातली झडप, ती बंद ठेवणारी स्टीलची स्प्रिंग आणि चार स्क्रू.’ शब्दशः उल्लंघन ठरायला क्लेममधला प्रत्येक घटक समोरच्याच्या वस्तूत सापडावा लागतो. त्यानं तीनच स्क्रू लावले की तो सुटला. म्हणून तुम्ही स्क्रू खोडलेत, ‘स्टीलची’ खोडलंत आणि स्प्रिंगच्या जागी लिहिलंत: ‘झडपेला बंद स्थितीकडे नेणारा लवचीक घटक’. आता रबरी पट्टीही हद्दीत आली.

आणि लगेच दुसरी बाजू दाखवलीत. हद्द इतकी रुंद झाली की एखादी जुनी झडपही तिच्यात बसते, आणि मग नावीन्यच उरत नाही. म्हणून स्टीलची स्प्रिंग फेकायची नाही, ती पुढच्या अवलंबित क्लेममध्ये, म्हणजे मुख्य क्लेमवर आधारलेल्या पण अधिक अरुंद क्लेममध्ये, जपून ठेवायची. मुख्य क्लेम पडला तर माघार घ्यायला जागा राहते. रबरी पट्टीचं वर्णनही पहिल्या दिवशीच अर्जातल्या तपशिलात हवं, कारण अर्ज दाखल झाल्यावर नवा मजकूर घालता येत नाही. नवशिक्यांचे निम्मे घोळ इथेच होतात, असं आम्हाला वाटतं.

पेटंट कार्यालयात अर्ज तपासणाऱ्या एक्झामिनरचा आक्षेप आला की इंजिनिअर चिडतो, ‘आमचं वेगळंच आहे’ म्हणतो. तुम्ही तक्ता करायला लावलात: डावीकडे क्लेमचा एकेक घटक, उजवीकडे त्यानं पुढे केलेल्या जुन्या दस्तऐवजातला परिच्छेद क्रमांक. जो चौकोन रिकामा राहील, त्यावरच उत्तर उभं करायचं. त्यापलीकडे एक वाक्यही जास्त नको, कारण तिथे लिहिलेलं पुढे कोर्टात आपल्याच विरुद्ध वाचलं जातं.

तारखांबद्दलचा तुमचा कडकपणाही तितकाच मोलाचा. आधी अर्ज, मग परिषदेतला निबंध. परदेशी अर्जांसाठी पहिल्या अर्जापासून १२ महिने. पीसीटीच्या, म्हणजे अनेक देशांसाठीच्या एकत्रित आंतरराष्ट्रीय अर्जाच्या, मार्गानं बहुतेक देशांत ३० किंवा ३१ महिने.

आणखी एका गोष्टीसाठी मनापासून धन्यवाद. पेटंट मिळालं म्हणजे वस्तू बनवायची परवानगी मिळाली, हा समज तुम्ही वेळीच काढून टाकलात. पेटंट फक्त दुसऱ्याला अडवू शकतं. आपलं सुधारित झाकण दुसऱ्याच्या चालू पेटंटच्या हद्दीत येत असेल, तर त्याची परवानगी घ्यावीच लागते. अशी आड येणारी पेटंटं उत्पादन सुरू करण्याआधी, वेगळी आणि देशागणिक शोधायची असतात.

आपले ऋणी,
आपल्या हाताखाली तयार झालेले इंजिनिअर