बूट शिवणाऱ्याचा वारसा

महोदय,
तुरुंगाबाहेर राहून शिक्षा भोगणाऱ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या विभागीय कार्यालयांचे प्रमुख येतात कुठून? कोणी पोलीस वा तुरुंग खात्यातून, कोणी समाजकार्य शिकून, कोणी परिवीक्षा (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवणे) अधिकारी म्हणून गृहभेटी करत वर चढलेले. खात्यातून आलेल्याची नजर आधी घातलेल्या अटी मोडल्या का, याकडे जाते. गृहभेटी केलेला आधी विचारतो, काम मिळालं का, दारू सुटली का. (अपवाद दोन्हीकडे आहेत, मान्य.) प्रोबेशनचे जनक मानले जाणारे जॉन ऑगस्टस तर बॉस्टनमधले बूट बनवणारे कारागीर! १८४१ मध्ये एका मद्यपीला जामीन राहून त्यांनी न्यायालयातून सोडवून नेले. या पदासाठी मुलाखत घेताना पदव्या जरूर पाहाव्यात, पण आजवर किती जणांच्या घरी जाऊन बसलात, हेही विचारावे.
– एक निवृत्त परिवीक्षा अधिकारी